तिचा माणूस कॅमेऱ्यामागे

आई एवढंच म्हणाली होती, "गाय त्याला ओळखत नाही गं." आणि मी लॅपटॉप मिटला होता.

मिटला म्हणजे आपटला वगैरे नाही. पण कसा मिटला ते तिलाही कळलं आणि मलाही. मे २०२१ मधली गोष्ट. तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून नुकतंच गुजरातकडे गेलं होतं आणि मागे चिकट, ओली हवा ठेवून गेलं होतं. थिएटरं बंद, रस्ते बंद, दर दोन तासांनी फोनवर कुणीतरी गेल्याची बातमी. दिग्दर्शिका सुमित्रा भावे जाऊन महिना झाला होता. १९ एप्रिलला त्या गेल्या आणि २१ मेला त्यांचा 'दिठी' सोनी लिव्हवर आला. त्यामुळे मी सिनेमा बघायला बसले होते असं म्हणणं खरं नाही; एखाद्याच्या मागे भेटायला जावं तशी बसले होते. आईला हाताला धरून आणलं. स्टुलावर लॅपटॉप, तिच्या पाठीला दोन उश्या, वाटीत भाजलेले शेंगदाणे. किशोर कदम दिसल्याबरोबर ती खुश झाली. "अगं, हा तर 'नटरंग'मधला पांडोबा!" मी म्हटलं हो, तोच, पण आता गप्प बस आणि बघ.

ती गप्प बसलीही. रामजी लोहार, पाण्यात गेलेला त्याचा तरणा मुलगा, धो धो पाऊस, म्हातारे वारकरी मित्र आणि शेजारी अडलेली गाय. गाईला सोडवायला रामजीलाच बोलावणं येतं, कारण त्या कामात गावात त्याचा हात धरणारं कुणी नाही. मी रामजीच्या चेहऱ्यावर डोळे लावून बसले होते. खोटं कशाला बोलू, लेखाचं पहिलं वाक्यही तोंडात तयार झालं होतं. आणि त्या नेमक्या क्षणी आईने शेंगदाण्याचं साल फुंकून टाकलं आणि म्हणाली, गाय त्याला ओळखत नाही. "तो बोलतोय तिच्याशी, पण ती कुठे बघतेय बघ. तिचा माणूस तिथे कॅमेऱ्यामागे उभा असणार. त्याच्याकडे लागलेत तिचे डोळे."

"आई, तू त्याचं काम बघ ना! गाय काय बघत बसलीस?"

"मला गाईतलं कळतं. मी गाय बघणार."

मग मी लॅपटॉप मिटला. ती म्हणाली, "चल, झोप आली," आणि वाटी धुवायला घेऊन गेली. रात्री साडेनऊला तिला झोप येत नाही, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

किशोर कदमवर माझा जीव आहे तो त्याला बघायच्याही आधीपासून. कॉलेजात होते तेव्हा होस्टेलच्या खोलीत 'गारवा'ची एकच कॅसेट होती, आणि ती सहा जणींच्या टेपरेकॉर्डरमधून फिरून इतकी झिजली होती की गाण्यांच्या मागे खरखरीचा आणखी एक पाऊस ऐकू यायचा. गाण्यांइतकीच आम्ही वाट बघायचो त्या बोलण्याची. सौमित्र नावाचा कवी स्वतःची कविता स्वतः म्हणायचा. तो आवाज जराही घाईत नसायचा. ऐन जूनमध्ये, कोंदट खोलीत, ओल्या टॉवेलांच्या वासात, आम्ही सहाही जणी त्या आवाजाच्या प्रेमात होतो आणि त्याचा चेहरा कसा असेल याची आम्हाला फिकीर नव्हती. हा आवाजवाला आणि सिनेमात कोपऱ्यात दिसणारा तो रापलेला नट एकच, हे मला कळलं तेव्हा मी उगाचच कुणीतरी फसवल्यासारखी चिडले होते. कवीने असं असू नये, असं काहीतरी डोक्यात असणार.

नंतर मी त्याला शोधून शोधून बघितलं. बेनेगलांचा 'समर', 'जोगवा', 'नटरंग', 'बालक-पालक'मधला कदम काका, हिंदीतला 'स्पेशल २६'. मोठ्या सिनेमातली छोटी कामं आणि छोट्या सिनेमातली मोठी कामं. आणि मग 'फँड्री'.

'फँड्री' १४ फेब्रुवारी २०१४ला लागला. त्यातल्या शेवटच्या दगडाबद्दल सगळ्यांनी लिहिलं, मीही लिहिलं. पण मला त्या सिनेमातून घरी घेऊन आला तो कचरू मानेचा, कदमने केलेल्या बापाचा, आवाज, म्हणजे आवाजाचं नसणं. ज्या आवाजाने आमचं होस्टेल बुडवलं होतं, तो त्याने कुठे नेऊन पुरला होता कोण जाणे. गावातल्या मोठ्या माणसांसमोर कचरू बोलतो तेव्हा त्याचे शब्द ओठाच्या बाहेर येता येता परत आत जातात. पोरावर ओरडतो तेव्हा तोच आवाज फुटतो, पण त्यातही जोर नसतो. दिवसभर दुसऱ्यांचं ऐकून घेतलेल्या माणसाचं ते उसनं ओरडणं असतं. डुक्कर पकडताना शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं तो प्रसंग आठवतो ना? सगळं कुटुंब जिथल्या तिथे थांबतं, डुक्कर मात्र थांबत नाही. त्या उभं राहण्यात कदमने काहीही केलेलं नाही. चेहऱ्यावर वेदना आणलेली नाही, डोळ्यांत पाणी आणलेलं नाही. एक थकलेला, धापा टाकणारा माणूस नियम म्हणून उभा आहे, बस.

हे त्याला का जमलं, याचा मी बराच विचार केलेला आहे. माझ्या मते त्याचं अर्धं कारण सोमनाथ अवघडे. कचरूच्या मुलाचं, जब्याचं, काम करणारा हा मुलगा नट नव्हता, हलगी वाजवणारा पोरगा होता. ज्याला अभिनय येतच नाही अशा पोराशेजारी एखाद्या तालमीतल्या नटाला उभं करणं म्हणजे हातमागाच्या घोंगडीवर सॅटिनचा तुकडा ठेवण्यासारखं आहे. चकाकी लगेच उघडी पडते. कदमला ते कळलं असणार. त्याने स्वतःचं काम खरबरीत करून घेतलं, त्या पोराच्या पोताला जुळेल इतकं. म्हणजे नटाची परीक्षा बऱ्याचदा दुसऱ्या नटासमोर होतच नाही. शेजारी जे अभिनय करत नाहीये, त्याच्यासमोर होते. हे मी २०१४ साली मोठ्या ऐटीत लिहिलं होतं. आणि सात वर्षांनी आईने तीच गोष्ट शेंगदाणे खाता खाता गाईवरून सांगितली, तेव्हा मी लॅपटॉप मिटला.

गंमत अशी की त्याच महिन्यात, 'दिठी'च्या तीन आठवडे आधी, मी चैतन्य ताम्हाणेचा 'द डिसायपल' बघितला होता. ३० एप्रिलला तो नेटफ्लिक्सवर आला. त्यातही सुमित्रा भावे आहेत, फक्त दिसत नाहीत. शास्त्रीय गाणं शिकणारा शरद नेरुळकर रात्री रिकाम्या रस्त्यावरून संथ मोटरसायकल चालवतो आणि कानात माईंची, म्हणजे त्याच्या गुरुजींच्या गुरूंची, जुनी ध्वनिमुद्रित व्याख्यानं ऐकत असतो, तो माईंचा आवाज त्यांचा. गेलेल्या बाईचा आवाज त्या महिन्यात मी हेडफोन लावून ऐकला, साधना, वैराग्य, एकटेपणा असं सगळं सांगणारा, आणि खिडकीबाहेर अॅम्ब्युलन्स जात होत्या. त्या सिनेमात एक प्रसंग आहे. एक जाणकार संग्राहक शरदला भेटतो आणि माईंबद्दल, त्याच्या गुरुजींबद्दल शांतपणे, चवीने, बोचरं बोलत जातो. एवढं काही नव्हतं त्यांच्यात, अशा सुरात. शरद ऐकत राहतो, ऐकत राहतो आणि शेवटी ग्लास त्याच्या तोंडावर रिकामा करतो. मी तेव्हा शरदला हसले होते. बिचारा, म्हटलं, भक्तीने बहिरा झालाय.

माझ्या हातात ग्लास नव्हता, लॅपटॉप होता, इतकाच फरक.

आता त्या प्रसंगाबद्दल आणखी एक सांगायला हवं. तो संग्राहक चुकीचं बोलतोय की बरोबर, हे चैतन्य ताम्हाणे आपल्याला कधीच सांगत नाही. माणूस किळसवाणा वाटतो, पण किळसवाण्या माणसाचं मत खोटंच असतं असं थोडंच आहे? आणि माझी आई तर किळसवाणीही नव्हती. उशीला टेकून बसलेली, गुडघ्याला तेल लावलेली माझी आई होती ती.

मला वाटतं आमच्यासारख्या लोकांची, म्हणजे फिल्म क्लबाच्या सतरंजीवर मोठं झालेल्यांची, एक खोड आहे. छोट्या सिनेमाला आम्ही सांभाळून घेतो. पैसे नाहीत बिचाऱ्यांकडे, शो मिळतो तो सकाळी अकराचा, शुक्रवारी लागतो आणि पुढच्या गुरुवारी पोस्टरवर दुसरं पोस्टर चिकटतं. मग आपण तरी कशाला बोलायचं? म्हणून आम्ही ग्रेस मार्क देतो. कॅमेरा तीन मिनिटं एका भिंतीवर थांबला तर त्याला संयम म्हणतो. माणूस पाठमोरा चालत राहिला, चालत राहिला, तर एकाकीपणा म्हणतो. ताटातला भात संपेपर्यंत कुणी काही बोललं नाही तर शांततेची भाषा. तीच गोष्ट दोनशे थिएटरांत लागणाऱ्या सिनेमाने केली असती तर याच आम्ही लोकांनी फाडून खाल्लं असतं. त्यातही आमचा हिशेब सोयीचा असतो. 'फँड्री'च्या मागे झीसारखं घराणं उभं होतं, तरी आम्ही त्याला 'आपला छोटा सिनेमा' म्हणून कडेवर घेऊन फिरलो. गरज नव्हती. तो स्वतःच्या पायांवर ठणठणीत उभा होता.

एका सिनेमाच्या बाबतीत या दयाळूपणाची मला लाज वाटते. नाव सांगणार नाही. सकाळचा खेळ, आम्ही आठ-नऊ जण, एसी जोरात आणि प्रेक्षक कमी म्हणून थंडी जास्त. सिनेमा संपला तर दारातच दिग्दर्शक उभा. पोरसवदा, दाढी वाढलेली, शर्टाची घडी अजून मोडलेली नाही. प्रत्येकाला हात जोडत होता, लग्नाच्या मांडवात मुलीचा भाऊ उभा असतो तसा. मला म्हणाला, "मॅडम, खरं सांगा." आणि मी म्हटलं, "छान झालाय. फार प्रामाणिक." प्रामाणिक! हा शब्द आम्ही तेव्हा वापरतो जेव्हा दुसरा कुठलाच विशेषणाचा तुकडा हाताला लागत नाही. घरी येऊन तीन परिच्छेद लिहिले, त्यात दोनदा 'प्रामाणिक' आणि एकदा 'आश्वासक'. दीडेक वर्षाने तो एका महोत्सवाच्या रांगेत भेटला. चहाचा कागदी कप हातात फिरवत म्हणाला, "सगळ्यांनी छान म्हटलं. पण मध्यंतरानंतर निम्मे संवाद ऐकूच येत नव्हते, हे मला शेवटी एका प्रोजेक्शनवाल्याने सांगितलं." मला ते ऐकू आले नव्हतेच. मला वाटलं होतं, मुद्दाम केलंय.

त्या दिवशीचा चहा अतिशय गोड होता, एवढं लक्षात आहे.

उलट्या बाजूने ताम्हाणेचाच 'कोर्ट' आठवतो. तिथे ग्रेस मार्कांची गरजच पडली नाही. २०१४मध्ये व्हेनिसला दोन पुरस्कार, मग इथे राष्ट्रीय पुरस्कार, मग ऑस्करला भारताची प्रवेशिका. हे सगळं झाल्यावर आमच्या ओळखीतले काही जण "फार संथ आहे हो" असं दबक्या आवाजात म्हणू लागले, कारण आता बोलायला हरकत नव्हती. मला त्यात सगळ्यात जास्त आवडते ती गीतांजली कुलकर्णीची सरकारी वकील. कोर्टात ती कायद्याची कलमं अशी वाचते की जणू वाण्याची यादी. मग लोकलमध्ये शेजारणीशी साडीबद्दल आणि तेलाबद्दल गप्पा, पाळणाघरातून मूल घेणं, घरी जाऊन स्वयंपाक. ज्या बाईच्या हातून एक माणूस तुरुंगात सडणार आहे, तिच्या पोळ्या मऊ होत असणार हे आपल्याला दिसतं आणि तिचा राग करता येत नाही. गीतांजली तर नाटकातली कसलेली नटी. पण तिच्या आजूबाजूला कॅमेऱ्यासमोर कधी उभी न राहिलेली माणसं आहेत, आरोपी शाहिराचं काम करणारे वीरा साथीदारही मुळात कार्यकर्ते, आणि ती त्या माणसांत अशी विरघळलेली आहे की तिला वेगळं काढायला गेलं तर काही हाताला लागत नाही. (वीरा साथीदारही त्याच एप्रिलमध्ये गेले. तो महिना असा होता की कुणाबद्दल लिहायला बसावं तर आधी तारीख तपासावी लागायची.)

मग 'दिठी'. तिथे किशोर कदमच्या भोवती कोण आहे? दिलीप प्रभावळकर, मोहन आगाशे, गिरीश कुलकर्णी, उत्तरा बावकर, अमृता सुभाष. एकेक नाव म्हणजे दागिना. प्रत्येकाला माहीत आहे प्रकाश कुठून येतोय आणि थांबायचं किती. सगळेच कसबी असले की नटाला घोंगडी मिळत नाही, सगळीकडे रेशीमच. त्यामुळे कदमने पुरलेला तो आवाज 'दिठी'त परत वर आलाय, असं मला आता वाटतं. भरलेला, घुमणारा, ओलसर आवाज. ऐकायला मला तो आवडतोच, होस्टेलपासून आवडतो. पण रामजी लोहाराचा तो आहे का? काही जागी शोक आधी पोचतो आणि माणूस मागून येतो. हे वाक्य लिहितानासुद्धा हात अडखळतोय, म्हणजे बघा. आणि काही जागी, विशेषतः तो नुसता बसलेला असतो, समोरच्याचं बोलणं कानावर पडतंय पण आत जात नाहीये, तिथे तो असा काही कोसळतो की मी पहिल्यांदा बघताना श्वास घ्यायचा विसरले होते. दोन्ही खरं आहे. त्या सगळ्या जमावात अभिनय न करणारं एकच कुणी होतं, ती गाय. आणि आईने तिच्याकडेच बोट दाखवलं.

आईच्या माहेरी चार गाई होत्या. ही गोष्ट मला माहीत होती, पण नुसती माहिती म्हणून. त्या रात्रीनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी भाजी निवडताना मी विषय काढला, म्हणजे माफीच मागत होते, फक्त ती मागण्यासारखी दिसू नये अशी. ती सांगत गेली. ती नऊ-दहा वर्षांची असताना रात्री गाय अडली की आजोबा तिलाच उठवायचे, कारण तिचा हात कंदील धरायला स्थिर होता. भाऊ भ्यायचे. गोठ्यात ओल्या गवताचा, शेणाचा आणि रक्ताचा मिळून एक वास असायचा, तो दोन दिवस केसांतून जायचा नाही. आजोबा कोपरापर्यंत गोडेतेल लावायचे. तोंडाने सारखं काहीतरी चाललेलं असायचं, पण ते गाईशी नव्हे. "मग कुणाशी?" मी विचारलं. "कुणाशीच नाही. गेल्या सालच्या ज्वारीच्या भावाचं बोलायचे. पावसाचं. गाईला त्यांचा आवाज पाहिजे असायचा, बोलणं नको असायचं. ती मान वळवून वळवून त्यांच्याकडे बघायची. मला नाही बघायची, मी तर कंदील धरून तोंडाशीच उभी." वासरू बाहेर आलं, वार पडली, की गाईला गूळ घातलेली गरम घुगरी, आणि आईला झोपायला परवानगी. दुसऱ्या दिवशी चिकाचा खरवस. तो ती कधी खायची नाही म्हणाली. का, ते तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

निवडलेली मेथी तशीच पडून राहिली होती. मला एकदम त्या गोष्टीचं नाव आठवलं, ज्या गोष्टीवरून 'दिठी' केलाय. द. बा. मोकाशींची, 'आता आमोद सुनासि आले'. नाव ज्ञानेश्वरांच्या 'अमृतानुभवा'तल्या ओवीचं. सुगंधालाच नाक फुटलं, बघायची वस्तू आणि बघणारा यांच्यात अंतरच उरलं नाही, असं काहीतरी तिथे चाललेलं आहे. मी या ओवीवर एका चर्चेत वीस मिनिटं बोलले आहे. दृश्य, द्रष्टा, प्रेक्षक आणि पडदा वगैरे. टाळ्याही पडल्या होत्या. आणि माझ्या घरात, माझ्या शेजारी, कंदील धरून उभी असलेली बाई पडद्यातल्या गोठ्यात जाऊन उभी राहिली, तर मी तिला म्हटलं, तू त्याचं काम बघ.

अर्थात आईचं म्हणणंही मी पुरतं मान्य केलेलं नाही, हे नमूद करते. गाय ओळखत नाही म्हणून प्रसंग खोटा, असं म्हणायचं तर निम्मा सिनेमा खोटा. नट लोहार नसतोच. सोमनाथ हलगी वाजवायचा म्हणून तो खरा आणि कदमने ऐरणीवर जन्म काढला नाही म्हणून तो खोटा, हा हिशेब मला पटत नाही. मग अभिनय नावाचं काही शिल्लकच उरत नाही. मी हे तिला म्हटलंसुद्धा. तिने मेथीची जुडी झटकली. "मी कुठे वाईट म्हटलं त्याला? चांगलंच करतोय तो. तिला कळत नाहीये तो चांगलं करतोय, एवढंच म्हटलं."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही.

त्यानंतर पाऊस सुरू झाला, तो महिनाही गेला आणि पुढचाही. मी 'दिठी'वर लिहिलं नाही. दोन-तीनदा सुरुवात केली, पण पहिल्या वाक्यात रामजीचा चेहरा यायचा आणि त्याच्यामागून गाईची मान वळायची, भलत्याच दिशेला. एकदा एकटीने परत बघायचा प्रयत्न केला. गाईच्या प्रसंगापर्यंत आले आणि थांबवला. तिथून पुढे एकटीने बघणं चोरून बघितल्यासारखं वाटलं.

गेल्या आठवड्यात जेवणं झाल्यावर आई ओटा पुसता पुसता म्हणाली, "त्या गाईचं काय झालं शेवटी?"

"कुठल्या गाईचं?" मी उगाच विचारलं.

"पांडोबाची गाय. सुटली का ती?"

मी लॅपटॉप आणला. तेच स्टूल, दोन उश्या. शेंगदाणे संपले होते, तिने फुटाणे घेतले. मी सिनेमा पहिल्यापासून लावला. रामजी, पाऊस, नदी. ती दोन मिनिटं बघत होती, मग चष्मा नाकावर वर सरकवला.

"त्याचं रडणं मी बघितलंय," ती म्हणाली. "पुढे घे. गाईपाशी ने."